बघूसाहेबांचं सोंग

सरकारला आमच्याकडे काय काय पिकवायचंय त्याची यादी अंगणवाडीच्या भिंतीवर लावली असती, तर पोषण आहाराच्या तक्त्याला जागा उरली नसती. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. बारावी झालेय आणि सही करताना हात थरथरत नाही, एवढ्याच पात्रतेवर बचत गटाची सचिवही आहे. त्यामुळे येईल तो कागद माझ्या पदरात पडतो. आतापर्यंत मोगरा आला, स्ट्रॉबेरी आली, मग अळिंबी आली. अळिंबीचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंनी अळिंबी म्हणजे काय हे आम्हाला तासभर समजावलं. शेवटी मागून एका म्हातारीने विचारलं, "बाय, पावसात आमी रानातून फुकट आणतो, तीच का ही?" बाई म्हणाल्या, हो, पण ही पिशवीत येते.

हेतू चांगलाच होता, त्याला मी नावं ठेवत नाही. भात, नाचणी आणि वरई एवढ्यावर आमचं वर्ष निघत नाही. दिवाळी झाली की मुकादमाची जीप येते आणि निम्मा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. तो जाऊ नये म्हणून गावाला भातशेतीशिवाय दुसरा धंदा द्यायचा, त्यासाठी अनुदान द्यायचं, असं सगळं असतं. फक्त ते देणाऱ्याला वाटतं की आमच्याकडे काहीच नाही, म्हणून प्रत्येक वेळी तो काहीतरी नवीन घेऊन येतो.

म्हणून एका कागदात "स्थानिक कला" असे दोन शब्द दिसले तेव्हा मी तो कागद घेऊन पळतच काकाच्या घरी गेले. कला तिथे पडवीत दोरीला टांगलेली होती.

काका म्हणजे माझा धाकटा चुलता. तो बोहाड्याचे मुखवटे करतो. बोहाडा हा आमच्याकडचा शिमग्यानंतरचा उत्सव. संबळ वाजतो, देव आणि राक्षस मुखवटे चढवून गावात नाचतात. त्या मुखवट्याला आणि तो घालून नाचण्यालाही आम्ही सोंग म्हणतो. रद्दी भिजवायची, कुटायची, मेथीची खळ घालून लगदा करायचा, मातीच्या साच्यावर थापायचा, वाळला की रंगवायचा. साचे, थापणं आणि रंगवणं काकाचं, बाकी सगळं वहिनीचं. वहिनी म्हणजे काकाची सून. तिचे हात कोपरापर्यंत लगद्यात असतात आणि तोंड मोकळं असतं.

त्या दिवशीही तसंच होतं. मी कागद वाचून दाखवला. गटाला शेड मिळणार, लगदा कुटायचं मशीन मिळणार, वर्षभर काम चालेल. वहिनीने कुटणं थांबवलं.

"म्हंजे भट्टीवर जायला नको?"

"काम चालू राहिलं तर कशाला जायचं?"

वहिनीची मुलगी तेव्हा तिसरीत होती. दर वर्षी ती दिवाळीपर्यंत आमच्या शाळेत असायची, मग आईबापाबरोबर भट्टीवर. शिमग्याला परत यायची तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असायचा. भट्टीजवळ शाळा असते असं कागदावर आहे. पोरीला अक्षरं येत होती, पण अक्षरांचे शब्द व्हायच्या आत दिवाळी यायची. अंगणवाडीत तिला अ-आ मीच गिरवायला दिलं होतं, त्यामुळे मला त्याची जरा जास्तच चीड होती.

"ह्या वर्षी मी जीपमधी बसणार नाय," वहिनी म्हणाली. "तू कागद कर बाय. काय लागंल ते कर."

मी कागद केले. ते कसे केले त्यावर वेगळं पुराण होईल. आमच्या प्रस्तावाची चौकशी करायला विस्तार अधिकारी येणार असं कळलं. या साहेबांना सगळा तालुका बघूसाहेब म्हणतो, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असतं. साहेब, रस्ता? बघू. साहेब, पाणी? बघू. माणूस वाईट नाही. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत, कुणाचं मन मोडत नाहीत. गोल गाल, एकमेकींना भेटलेल्या भुवया, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि तोंड कायम अर्धं उघडं, पुढचं "बघू" तयार असल्यासारखं.

ते आले, मुखवटे पाहिले, जेवले, आणि निघताना त्यांच्या जीपचं चाक बसलं. ड्रायव्हर चाक घेऊन मोखाड्याला गेला. साहेब अंगणातल्या खाटेवर आडवे झाले ते तीन तास झोपले. उठल्यावर त्यांनी अट सांगितली. ठाण्याला दिवाळीच्या आधी सरकारी प्रदर्शन आहे, तिथे तुम्हाला स्टॉल मिळेल. चाळीस मुखवटे न्या. माल विकला जातो हे दिसलं तर मंजुरी.

"आणि नाय विकला तर?" वहिनीने विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले.

प्रदर्शन ऐन भातकापणीत होतं. सरकारी प्रदर्शनं भातकापणीतच असतात, त्याला इलाज नाही. खरी अडचण ती नव्हती. खरी अडचण मी गटाची हुशार सचिव असूनही माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि मी याच पाड्यावर जन्मले आहे हे सांगायला मला अजून लाज वाटते. आमच्याकडे प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. गणपतीचं सोंग एका घराचं, रावणाचं दुसऱ्या, त्राटिकेचं तिसऱ्या. आजाच्या आजापासून चालत आलेलं. आणि मुखवट्याचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, तेही मानकऱ्याने नारळ दिल्यावर. डोळे काढले की देव आला. मग तो मानकऱ्याला विचारल्याशिवाय जागचा हलत नाही.

काकाने बिनडोळ्यांचे मुखवटे भिंतीला ओळीने टेकवले आणि मला म्हणाला, "जा, बोलाव त्यांना."

"काका, हे विकायचे आहेत. हे नुसते कागदाचे आहेत."

"डोळं काढंपर्यंत कागदाचं. मग? आंधळा गणपती नेशील ठाण्याला?"

मी मानकऱ्यांना बोलावलं. ते आले, बसले, चहा प्यायले. देव विकायचा म्हटल्यावर गणपतीवाल्यांनी कानावर हात ठेवले. दोन दिवस बैठक चालली. शेवटी तोड निघाली ती अशी: देव विकायचा नाही, द्यायचा. घेणारं घर चांगलं आहे का ते मानकरी स्वतः बघेल आणि मगच देईल. म्हणजे मानकरी ठाण्याला येणार. नारळ घेऊन. एका घराचा मान दोन भावांत होता, त्यामुळे दोघेही येणार. काका आणि वहिनी धरून जीपमध्ये मुखवट्यांपेक्षा माणसं जास्त झाली आणि मी ड्रायव्हरच्या बाजूला मांडीवर मारुती घेऊन बसले.

इतक्या घोळात मुखवटे झाले होते पंचवीसच. अट चाळीसची होती. मी रडकुंडीला आले तेव्हा वहिनी म्हणाली, "दोन खोकी मी भरलीत. गिनती पुरी हाये. तू नको बघूस." मला वाटलं, काहीतरी परड्या-टोपल्या भरल्या असतील. बघायला वेळही नव्हता.

ठाण्याच्या प्रदर्शनात आमच्या एका बाजूला लोणची आणि दुसऱ्या बाजूला गोधड्या होत्या. आमचा स्टॉल उघडला आणि गर्दी झाली, हे मी खोटं सांगत नाही. लोक थांबायचे, "किती सुंदर!" म्हणायचे, फोटो काढायचे. मग कुणीतरी किंमत विचारायचं, आणि तिथे आमचा मानकरी पुढे सरकायचा.

पहिलं गिऱ्हाईक चांगल्या घरचे एक गृहस्थ होते. त्यांनी गणपती हातात घेतला. गणपतीवाल्यांनी तो हळूच परत घेतला.

"घर कुठं तुमचं?"

"इथेच, घोडबंदर रोडला."

"कितव्या मजल्यावर?"

"सातव्या."

"वर आठवा हाये?"

"एकवीस आहेत."

"मग देव टांगणार त्याच्या बराबर डोक्यावर आठव्या मजल्यावर काय हाये? मोरी हाये का संडास?"

त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांना माहीत नव्हतं. गणपतीवाले म्हणाले, विचारून या, मी हाये इथंच. ते परत आले नाहीत.

रावणाचे मानकरी आमच्या गावातले सगळ्यात मऊ गृहस्थ. स्वतःच्या बैलालाही कधी मोठ्याने हाकलत नाहीत. त्यांनी एका जोडप्याला अगदी गोड आवाजात विचारलं, "घरात भांडणं होतात का?" नवरा हसत म्हणाला, होतात की थोडीफार. रावणवाल्यांनी मान हलवली. "मग नाय देत. भांडणाच्या घरात रावण चढतो." त्यावर बायको नवऱ्याला म्हणाली, तुला गप्प बसता येत नाही का, आणि दोघं भांडतच लोणच्याच्या स्टॉलकडे गेले. रावणवाले माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस?"

त्राटिका एका नव्या नवरीला फार आवडली होती. तिच्या सासूच्या अंगावर काटा आला. तो सौदा मोडायला आमच्या मानकऱ्याची गरजच पडली नाही.

दोन दिवसांत आम्ही एक मारुती दिला. तो घेणारा तळमजल्यावर राहत होता, बिनलग्नाचा होता आणि शनिवारी उपास करायचा.

दुसऱ्या संध्याकाळी मी भडकले. मी म्हटलं, तुम्ही देव सांभाळा, पण हिच्या पोरीचं काय ते सांगा. ही माणसं निर्दयी नव्हती. दोन दिवस भात शेतात टाकून, अंग आखडून ती आमच्यासाठीच आली होती. पण देव कुठल्याही भिंतीला लावायचा हे त्यांच्याने होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यानेही झालं नसतं. तेच जास्त चीड आणत होतं. वहिनी उठली. गोधडीवाल्या बाईकडून पाणी घेऊन आली, सगळ्यांना दिलं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिने आपली दोन खोकी उघडली.

आत परड्या-टोपल्या नव्हत्या. आत पंधरा बघूसाहेब होते.

गोल गाल, भेटलेल्या भुवया, कपाळावर तारेचा चष्मा, अर्धं उघडं तोंड. साहेब तीन तास खाटेवर झोपले होते तेव्हा वहिनी अंगणात बसून माती थापत होती हे मला आठवलं. मला वाटलं होतं ती चूल सारवायची माती मळतेय.

"वहिनी, हे काय केलंस?"

"गिनती भरली."

"साहेब आले तर?"

"येव दे. ह्याचा मान कुणाकडं हाये?" तिने मागे वळून सगळ्या मानकऱ्यांकडे पाहिलं. "हाये का कुणाकडं?"

मानकरी एकमेकांकडे बघू लागले. नव्हता. काकाने एक मुखवटा हातात घेतला, उजेडात धरला, उलटा केला, आतून बोट फिरवलं. सुनेने आजवर एकही साचा केलेला नव्हता. तिला ते कुणी शिकवलंही नव्हतं. "हे सोंग देव नाय," तो म्हणाला. रावणवाले हळूच म्हणाले, "सही करतो तो. देवच म्हणायचा." त्यावर गणपतीवालेसुद्धा हसले, आणि वहिनीने मुखवटे पुढच्या ओळीत मांडले.

पहिलं गिऱ्हाईक आलं, थांबलं आणि ओरडलं, "अरे, हा तर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी!" त्याने एक घेतला. एका बाईंनी आपल्या बँकेतला माणूस ओळखला, आणि मैत्रिणीला फोन करून बोलावलं. मैत्रिणीने ओळखले ते आपले सासरे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बराच वेळ बघून विचारलं, "हा नेमका काय म्हणतोय?" वहिनी म्हणाली, "बघू." ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं नोकरीत हेच म्हणत होतो," आणि दोन घेतले. कितव्या मजल्यावर राहता हे कुणाला विचारावं लागलं नाही. साहेबाच्या डोक्यावर काहीही चालतं.

दुपारपर्यंत चौदा गेले आणि लोक आणखी मागायला लागले. मी वहीत त्यांचे फोन लिहून घेत होते तेव्हा वहिनीने मला कोपराने ढोसलं. समोरून बघूसाहेब येत होते. त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम होत्या.

मी उरलेला मुखवटा उचलायला हात पुढे केला, पण मॅडमचा हात आधी पोचला. त्यांनी मुखवटा पाहिला. मग साहेबांकडे पाहिलं. मग परत मुखवट्याकडे. त्या ओठ दाबून उभ्या राहिल्या.

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे कोण आहे?"

एखाद्या शहाण्या बाईने म्हटलं असतं, कुणी नाही साहेब, असंच. सचिव म्हणून माझ्या ओठांवर तेच आलं होतं. पण वहिनी सरळ म्हणाली, "तुमीच."

मला समोर शेड दिसत होती, तिचा एकेक पत्रा उडत होता. मला वहिनीचा इतका राग आला की तिला तिथेच सोडून यावं असं वाटलं.

"राग नका धरू साहेब," ती म्हणाली. साहेबांना राग का यावा हेच तिला कळत नव्हतं. "आमच्याकडं कुणाचंपण सोंग करत नाय. जो गावावर काय करू शकतो त्याचंच करतात. आमी रावणाचंबी करतो, त्यालाबी नारळ देतो, मान देतो. तुमी आमच्या अंगणात आलात, जेवलात, झोपलात. म्हणून केलं."

साहेबांनी मुखवटा मॅडमच्या हातून घेतला. गालावरून बोट फिरवलं.

"माझं नाक एवढं मोठं आहे?"

काका मागून पुढे आला. विषय कामाचा होता, त्यामुळे त्याला घाबरायचं काही कारण नव्हतं. त्याने मुखवटा साहेबांच्या तोंडाशेजारी धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. "नाक बराबर हाये साहेब. कान जरा चुकलंत. पोर नवी हाये, शिकंल."

मॅडमना मग हसू आवरलं नाही. हसता हसता त्या म्हणाल्या, "अहो, यांचा माल विकला जातोय की. यांचं शेडचं प्रकरण तुमच्याकडेच आहे ना?"

"हो मॅडम," साहेब म्हणाले, आणि पुढचा शब्द सवयीने आपोआप बाहेर पडला, "बघू."

आधी रावणवाल्यांना हसू फुटलं. मग गोधडीवाली, मग गिऱ्हाईकं, मग आम्ही सगळे. साहेब लाल झाले. मुखवट्याकडे बघत ते एकटेच गंभीर उभे होते, आणि मग त्यांचेही गाल हलायला लागले. जाताना त्यांनी तो शेवटचा मुखवटा पिशवीत घालून नेला. पैसे दिले. पावती मागितली.

दिवाळी झाली. भाताच्या उडव्या रचून झाल्या. कागद काही आला नाही. तुळशीच्या लग्नानंतर साहेबांचा मला फोन आला, की मंजूर झालंय, सही झालीय, कागद निघालाय. मी धावत जाऊन वहिनीला सांगितलं. माझा चुलतभाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, अंगणात गोणपाट बांधत बसला होता. "कागद हातात येईल तवा खरं," तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, आमच्याकडे निघालेले कागद कुठे कुठे वस्तीला राहतात हे मला चांगलं माहीत आहे. नवरा-बायकोचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ठरलं एवढंच, की तो जाईल, ती राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाची जीप आली. त्या जीपमध्ये जागा धरायची एक रीत आहे. पोरं आधी धावतात, गोण्यांवर चढतात आणि पाय फाकवून बसतात, म्हणजे आईबाप येईपर्यंत तिथे दुसरं कुणी घुसत नाही. भिवंडीपर्यंत उभं राहून जाणं सोपं नाही. माझा भाऊ गोणपाट घेऊन निघाला. आम्ही घोळक्यात त्याच्या मागे गेलो, आणि जीपमध्ये वहिनीची पोर बसलेली होती.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढे कागद, एवढे फोन, ठाणं, साहेब, मॅडम, आणि ज्या पोरीसाठी सगळं केलं तिला सांगायचं आम्ही सगळेच विसरलो होतो. ती नेहमीच्या ठिकाणी, ड्रायव्हरच्या पाठीमागे, गोण्यांवर पाय फाकवून बसली होती. एक हात तिने आईसाठी शेजारच्या जागेवर दाबून धरला होता. एक मोठा मुलगा तिला ढकलत होता आणि ती त्याला चावायच्या बेतात होती.

"आई, लवकर ये!" ती ओरडली. "दोन जागा धरल्या!"

वहिनी लगद्याच्या हातांनीच धावत आली होती. ती जीपपाशी उभी राहिली. तिने लगद्याचा हात जीपच्या कडेला टेकवला. मी मुकादमाकडे बघत राहिले.

"उतर," वहिनी म्हणाली.

"जागा जाईल ना!"

"जाव दे."

पोर हलली नाही. आई चेष्टा करतेय का ते तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघून ताडून पाहिलं. मग तिने तो शेजारच्या जागेवरचा हात आधी काढला. तो मुलगा लगेच तिथे सरकला, आणि या वेळी ती त्याला चावली नाही.